विमलताईंचं चिंचोळं जेवणघर

उमरखेडच्या त्या कॉलनीत प्लॉट पाडणाऱ्यानं जमिनीच्या नुसत्या पट्ट्या काढल्या होत्या. त्यामुळे विमलताईंचं घर आगगाडीच्या डब्यासारखं उभं राहिलं. समोर हॉल, मागे स्वयंपाकघर आणि मधे जे काही उरलं, त्याला जेवणघर म्हणायचं. खरं तर तो बोळच. त्यात कुण्या नातलगानं गृहप्रवेशाला दिलेलं गोल टेबल ठेवलं, तेव्हा भिंतीकडचा माणूस आधी बसायचा आणि सगळ्यांत शेवटी उठायचा. मधेच त्याला ठसका लागला तरी पाण्यासाठी तिघांना उठवावं लागे. विमलताईंचे यजमान बबनराव तर पहिल्या महिन्यातच ताट घेऊन हॉलमध्ये जाऊन बसले. "मले जेवाचं हाय, कसरत नाही कराची," ते म्हणाले.

मुलीच्या शाळेपायी हे कुटुंब फुलसावंगीहून इथं आलं. शेती तिकडंच राहिली, बैल तिकडंच राहिले आणि बैलांबरोबर लखीरामही. लखीराम म्हणजे त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. दरसाल नवी बोली व्हायची खरी, पण ती नावाला. सुरभी रांगत होती तेव्हापासून तो या घरी होता. तो आणि त्याची बायको हंसाबाई जवळच्या तांड्यावर राहायचे. विमलताईंना तो वैनी म्हणायचा आणि त्या त्याला लखीरामभाऊ.

विमलताई वाईट बाई नव्हत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं तसं वाटण्याचा संभव आहे. दहावी झालेली, हाताला चव असलेली, भाजीवालीशी घासाघीस करून वर तिलाच चहा पाजणारी बाई. हंसाबाईच्या दोन बाळंतपणांत यांनी स्वतः डिंकाचे लाडू करून तांड्यावर पोचवले होते. मनानं मोकळ्या, फक्त चारचौघांत आपलं कसं दिसतं, या एका गोष्टीला भारी भ्यायच्या.

फुलसावंगीच्या घरी पोळ्याचा नेम ठरलेला होता. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकायचे आणि घरच्या मालकिणीनं त्यांना जेवणाचं निमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी सकाळी आधी बैलांना पुरणपोळीचा घास, मग गड्याला आणि त्याच्या बायकोला ओवाळून पोटभर जेवण, आणि ते दोघं उठले की मग मालक बसायचा. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू नाही आणि गड्याच्या हाताला काम नाही. गड्यानं तांब्या उचलला तरी विमलताईंच्या सासूबाई तो हातातून काढून घेत. लखीरामला वेगळं आवतन कोणी देत नसे. बैलांचं दिलं की त्यातच त्याचं आलं, असं तोही धरून चालायचा आणि घरचेही.

उमरखेडच्या घरातल्या पहिल्याच पोळ्याला लखीराम आणि हंसाबाई असेच धरून चालले आणि एसटीनं आले. हॉलमध्ये कॉलनीतल्या नव्या ओळखीच्या बायका बसल्या होत्या. विमलताई जेवणघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "जागा कुठी हाय बाई, पाहूनच राह्यली ना तू," त्या हंसाबाईला म्हणाल्या. लखीरामनं मान लांब करून आत पाहिलं. खरंच जागा नव्हती. त्यालाच बिचाऱ्याला वैनीची कीव आली. "राहू द्या वैनी, डबा बांधून द्या," तो म्हणाला. विमलताईंनी डबा असा काही भरला की झाकण लागेना. तो डबा दोघांनी एसटी स्टँडच्या बाकावर बसून खाल्ला, हे विमलताईंना दोन दिवसांनी बबनरावांकडून कळलं. पुढच्या वर्षापासून पोळ्याचा डबा बबनरावच शेतावर घेऊन जाऊ लागले.

सबब अर्धी खरी होती, हीच पंचाईत. सपशेल खोटी असती तर विमलताईंनाच ती फार दिवस पेलली नसती. फुलसावंगीला घरानंच ठरवून ठेवलं होतं की कोण कुठं बसेल. गड्यासाठी ओसरी होती, तिथं पाट होता, ताट होतं, मान होता. इथं ओसरीच नव्हती. इथं सगळ्यांना एकच टेबल, एकाच उंचीच्या खुर्च्या, आणि खिडकीतून पाहणारी कॉलनी. आपल्या गड्याला आपल्या शेजारी खुर्चीवर बसवायचं की नाही, हा प्रश्न विमलताईंनी स्वतःला कधी विचारलाच नाही. जागा नाही म्हटलं की तो विचारावा लागत नव्हता. अशी आठ वर्षं गेली.

मग सुरभी नागपूरहून सुटीवर आली. ती घरं सजवायचं शिकत होती आणि आल्या आल्या तिनं आपल्याच घरावर हात चालवला. "आई, खोली लहान नाही, तू तिला कोंबून ठेवलंय," ती म्हणाली. गोल टेबल गेलं. भिंतीच्या कडेनं अरुंद, लांब टेबल आलं. एका बाजूला खुर्च्या, दुसऱ्या बाजूला भिंतीसरसा बाक. काळपट हिरव्या रंगावर पांढरा हात फिरला. स्वयंपाकघराच्या दाराचा जाड पडदा उतरला आणि मागच्या खिडकीतला उजेड थेट हॉलपर्यंत येऊ लागला. शिवणयंत्र, उन्हाळ्यानंतरचा कूलर, गव्हाचे कट्टे, सगळं मागच्या खोलीत गेलं. शेवटी बाकासमोरच्या भिंतीवर तिनं आडवा लांबच लांब आरसा लावला. तो लागला त्या दिवशी बबनराव ताट घेऊन सवयीनं हॉलकडं निघाले होते. ते दारातच थांबले, परत फिरले आणि बाकावर बसले.

विमलताईंचा आनंद काय सांगावा! पंधरा दिवस कॉलनीत दुसरा विषय नव्हता. शेजारच्या घरच्या वच्छलाबाईंची खिडकी बरोबर या खोलीवर उघडायची. त्या मुद्दाम येऊन बाकावर बसून गेल्या आणि "बाई, दुपटीनं मोठी दिसते की!" असं म्हणून गेल्या. विमलताईंनी खोलीचे फोटो काढले, मोबाइलवर स्टेटसला ठेवले. बबनरावांनी ते शेतावर लखीरामलाही दाखवले. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. सुटी संपली आणि सुरभी नागपूरला गेली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बबनराव फुलसावंगीला होते. बैलांचे खांदे शेकून झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बैलांच्या तोंडासमोर धरला. विमलताईंनी इकडून पदर सावरला, हात जोडले आणि म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बैलांनी काही म्हटलं नाही. फोनच्या कोपऱ्यात लखीरामचं तोंड आलं, हसरं, तूप-हळदीचे हात वर धरलेलं. "येतो वैनी!" तो म्हणाला. "आता त जागा झाली तुमच्याकडं. पाह्यला म्या फोटो. मी अन् हंसा, दोघंबी येतो सकाळच्या गाडीनं."

"या ना," विमलताई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

सकाळी पुरण शिजत होतं आणि विमलताईंच्या डोक्यात दुसरंच काही शिजत होतं. त्या जेवणघरात येऊन उभ्या राहिल्या. लखीराम त्या बाकावर बसला आहे, हंसाबाई खुर्चीवर, समोरच्या आरशात दोघं पुन्हा एकदा बसले आहेत आणि वच्छलाबाई खिडकीतून पाहताहेत, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. खाली चटई टाकावी, तर टेबल रिकामं ठेवून माणसांना जमिनीवर बसवलेलं दिसणार. सरळ टेबलावर बसवावं, तर तेवढा धीर नव्हता. म्हणजे जागा नाही म्हणायला जागा पाहिजे होती आणि ती सुरभीनं काढून टाकली होती.

मग त्यांनी जे केलं, ते आठवलं की पुढं कितीतरी दिवस त्यांच्या कानशिलांना चटका बसायचा. मागच्या खोलीतला कूलर त्यांनी चाकांच्या स्टँडसकट ढकलत आणला आणि टेबलाला अडवून ठेवला. गव्हाचा एक कट्टा फरशीवरून ओढत आणला, मग दुसरा. शिवणयंत्र आणलं. लोखंडी पेटी आणली आणि बाकावर गाद्यांची चवड रचली. महिनाभर खपून मोठी केलेली खोली त्यांनी पुरण आटायच्या आत लहान करून टाकली. आरशानं मात्र आपलं काम चोख बजावलं. जिथं एक कूलर होता तिथं दोन दिसू लागले, आणि त्या दोन कूलरांच्या मधे पदर खोचलेली, केस विस्कटलेली, घामाघूम झालेली एक बाई दिसली. विमलताईंनी कपाटातून चादर काढली आणि आरशावर टाकली.

दहाच्या सुमाराला दोघं आले. लखीरामनं नवं धोतर नेसलं होतं, डोक्याला लाल पागोटं होतं. हंसाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या मुगाच्या शेंगा आणि दोन वाळकं होती. "मालक मागून येऊन राह्यले," लखीरामनं सांगितलं, "बैलाचे शिंगं रंगवाचे राह्यलते." आणि तो उत्साहानं सरळ जेवणघराच्या दाराशी गेला. खोली पाहायची म्हणूनच तर तो आला होता.

दारात तो थबकला. "थे आरसा कुठी गेला वैनी?"

"काय सांगू भाऊ," विमलताई म्हणाल्या. आवाज आपला नाही असं त्यांना वाटत होतं. "सामान ठेवाले जागा कुठी हाय? पुन्हा तसंच झालं. तुमाले आज हॉलमधे..."

लखीरामनं ढिगाकडं पाहिलं, मग विमलताईंच्या घामाघूम तोंडाकडं पाहिलं आणि त्याला भलतंच उमगलं. "एकट्यानं उचलून राह्यल्या होत्या का? मालक घरी नाही, सुरभीताई नाही. वजन हाय हे, कंबर धरन ना!" असं म्हणून त्यानं पागोटं उतरवून खिडकीत ठेवलं, धोतराचा काचा मारला आणि गव्हाचा कट्टा पाठीवर घेतला.

"नका हो भाऊ, आज पोळा हाय," विमलताई म्हणाल्या. म्हणाल्या हे खरं, पण ज्या आवाजात म्हणाल्या त्यानं मांजरही थांबलं नसतं. लखीराम कट्टा घेऊन मागच्या अंगणात गेला. हंसाबाईनं फडकं खाली ठेवलं, गाद्या उचलल्या आणि त्याच्या मागोमाग गेली.

दुसरा कट्टा लखीरामच्या पाठीवर असतानाच बबनराव दारात आले. बोटांना शिंगांचा रंग लागलेला होता. त्यांनी एकदा लखीरामकडं पाहिलं, एकदा कूलरकडं पाहिलं. काल दुपारी निघताना हा कूलर मागच्या खोलीत होता, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते विमलताईंकडं वळले.

"पोळ्याच्या दिवशी?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "आज मी बैलाच्या गळ्यातली दोरीबी ढिली केली. अन् गड्याच्या पाठीवर पोतं?"

फुलसावंगीत हे कोणाच्या घरी झालं असतं, तर बाया वर्षभर त्या घरचा चहा प्यायल्या नसत्या. सासूबाई असत्या तर काय झालं असतं, हा विचार विमलताईंनी मनात पुरता येऊसुद्धा दिला नाही.

"वैनीले नका बोलू मालक," पोत्याखालून वाकलेला लखीराम म्हणाला. "थ्या त नाहीच म्हणत होत्या. म्याच आयकलं नाही. मानसानं घरच्या बाईले असं उचलू द्याव का?"

बबनरावांनी लखीरामच्या पाठीवरचं पोतं आपल्या पाठीवर घेतलं. मग कूलर त्यांनीच ढकलला, पेटीही त्यांनीच नेली. लखीराम "द्या ना मालक, द्या ना," करत मागं मागं फिरत होता. शेवटी त्यानं आरशावरची चादर ओढली. खोली एकदम लांबरुंद झाली. "हा!" तो लहान पोरासारखा ओरडला. "अशीच होती फोटोत!"

विमलताईंनी दोघांना ओवाळलं. लखीराम बाकावर मांडी घालून बसला, हंसाबाई खुर्चीच्या कडेला टेकली. समोरच्या आरशात स्वतःला पाहून त्यानं आधी मिशा नीट केल्या, मग म्हणाला, "वैनी, दोन लखीराम बसले जेवाले. पुरण पुरन ना?" बबनराव मोठ्यानं हसले. विमलताई तुपाची वाटी घेऊन वाढत होत्या. खाली मान घालून वाढलं तर ताटातले त्याचे कट्टा उचलून लाल झालेले हात दिसायचे, मान वर केली तर आरशात स्वतःचं तोंड. कुठं पाहावं हे त्यांना कळेना.

तेवढ्यात शेजारच्या खिडकीत वच्छलाबाई आल्याच.

"पाव्हणे आले का वं विमल?" वच्छलाबाई म्हणाल्या. "जेवा, जेवा, पोटभर जेवा! आमच्या गॅसवर पुरण लागून राह्यलं माह्यं," आणि त्या गेल्यासुद्धा. बस, एवढंच. आठ वर्षं ज्याची धास्ती बाळगली ते एवढंच होतं. विमलताईंना हायसं वाटायला हवं होतं. उलट त्यांना रडूच कोसळणार असं वाटलं, कारण दोष द्यायला आता वच्छलाबाईंची खिडकीही उरली नाही.

जेवणं झाली. हंसाबाई मोरीवर हात धुवायला गेली, तेव्हा विमलताई तिच्या हातावर पाणी घालायला गेल्या. बोलायचं ठरवूनच गेल्या होत्या. "हंसाबाई, मले एक सांगाचं हाय," त्यांनी सुरुवात केली. "मी आज सकाळी..."

"मालूम हाय वैनी," हंसाबाई हळूच म्हणाली. तिनं हात धुणं थांबवलं नाही. "लादीवर कट्टे ओढल्याचे ओरखडे हायेत. मागच्या खोलीपासून थेट. आल्या आल्या दिसले मले."

विमलताईंच्या हातातला तांब्या तसाच कलता राहिला आणि पाणी हंसाबाईच्या लुगड्यावर सांडलं. "मी त्याईलेबी सांगतो," त्या म्हणाल्या. "माफी मागतो त्याईची."

"नोका." हंसाबाईनं पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "थ्याईले नोका सांगू. दर पोळ्याले तांड्यात इचारतात लोकं, काहून रे, मालकानं बलावलं नाही का? थे सगळ्याईले सांगत रायते, वैनीकडं जागा नाही, नाही त आमाले टेबलावर बसवलं असतं. आठ साल सांगून राह्यले. आता खरं सांगून तुमचं मन हलकं होईन वैनी. थ्याईचं काय होईन?"

विमलताईंनी तांब्या खाली ठेवला. माफी मागायची वाटही त्यांच्या हाती उरली नव्हती. पदराच्या टोकानं त्यांनी हंसाबाईचं भिजलेलं लुगडं टिपलं आणि तिनं ते टिपू दिलं.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. अंगणात लखीराम कूलरच्या स्टँडला हात लावून उभा होता. "पाणी आलं त गहू भिजन," तो म्हणाला. "जागच्या जागी ठेवून देतो. जेवनघरातच ना वैनी?"

"नाही भाऊ," विमलताई म्हणाल्या. "मागच्या खोलीत. तथीच रायते थे सामान."

लखीराम थांबला. त्यानं मागच्या खोलीकडं पाहिलं, जेवणघराकडं पाहिलं, मग बायकोकडं. हंसाबाई लुगड्याचा काठ पिळत होती. विमलताईंना वाटलं, आता विचारेल. विचारू दे, आपण खोटं बोलायचं नाही.

"हां हां," तो म्हणाला. "पोळ्याची झाडझूड काढली असन वैनीनं."

त्याला कळलं होतं का? की त्याला खरंच तसं वाटलं? विमलताईंना ते तेव्हाही समजलं नाही आणि पुढंही कधी समजलं नाही. आठ वर्षं एक सबब त्यांनी स्वतः वापरली होती. ही दुसरी त्यानं त्यांच्या हातात आणून ठेवली. हंसाबाई त्यांच्याकडं पाहत होती.

"हो भाऊ," त्या म्हणाल्या. "झाडझूडच."

मग पदर खोचून त्यांनी कट्ट्याचं एक टोक धरलं. लखीराम "वैनी, नोका, नोका," करत धावला, तेव्हा त्या पहिल्यांदाच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हात नाही लावाचा. आज पोळा हाय." बबनरावांनी दुसरं टोक धरलं आणि नवराबायकोनं मिळून सगळं सामान मागच्या खोलीत नेऊन टाकलं.

संध्याकाळी बैल तोरणाखाली मिरवायचे होते, त्याआधी गावी पोचायचं होतं, म्हणून दोघं लगेच निघाले. विमलताई फाटकापर्यंत गेल्या. लखीरामनं पागोटं बांधलं, खोलीकडं शेवटचं एकदा पाहिलं. "पुढच्या साली आमच्या बादललेबी आणतो," तो म्हणाला. "पोरगा म्हणते, बापू, खरंच टेबलावर बसवतात का?"

"आणा," विमलताई म्हणाल्या. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, पण शब्द सुचेनात. एवढ्या वर्षांत तोंडात बसलेले तेवढेच आले. त्यांनी हात जोडले. "आजच आवतन घ्या भाऊ. पुढच्या पोळ्याले तिघंबी जेवाले या."

लखीराम खदखदून हसला. "अवो वैनी, आमी का बैल हाव काय, आवतन द्याले!"

बबनराव हसले. हंसाबाईसुद्धा हसली. विमलताईंना हसू आलं नाही. बैलांना त्या आठही वर्षं न चुकता आवतन देत आल्या होत्या.